छातीचे फोटो आम्ही काढले, वाचायचे तुमचे राहून गेले

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व रेडिऑलॉजिस्ट डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. ३४ वर्षं सरकारी रुग्णालयांत एक्सरे काढले, एवढीच माझी ओळख. १९८७ साली लागलो तेव्हा पद होतं 'क्ष-किरण तंत्रज्ञ'. पुढे कागदावर त्याचं 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी' झालं. दारावरची पाटी बदलली, खोली तीच राहिली आणि गावानं शेवटपर्यंत मला 'फोटोवाले' म्हणूनच हाक मारली. "फोटोवाले, आईच्या छातीचा फोटो काढायचाय, सायबांनी चिठ्ठी दिलीय." ३१ मे २०२१ला, दुसरी लाट अजून पुरती ओसरलीही नव्हती तेव्हा, निवृत्त झालो.

तुम्हाला पत्र लिहायचं गेली दोन वर्षं मनात आहे. मंत्र्यांना लिहा, असं घरचे म्हणाले. पण मंत्र्यांना फोटो वाचता येत नाही. तुम्हाला येतो.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. तालुक्याच्या ठिकाणी छातीचा फोटो निघतो, पण तो वाचला जात नाही. पाहिला जातो. वाचणं आणि पाहणं यांतला फरक मी तुम्हाला सांगायला नको. मी ज्या ज्या ग्रामीण रुग्णालयात होतो तिथं ३० खाटा होत्या, एक एक्सरे मशीन होतं आणि रेडिऑलॉजिस्टचं पदच नव्हतं. दिवसाला पंधरा-वीस छात्या. फिल्म ओलीच असायची, तोवर नातेवाईक ती हातात धरून ओपीडीकडे पळत. तिथं वैद्यकीय अधिकारी ती खिडकीकडे धरायचे, पाच-सात सेकंद. "ठीक आहे." नाहीतर "थोडा कफ आहे." त्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत रेडिऑलॉजीच्या वाट्याला मोजके दिवस येतात, आणि बाहेर दोनशे पेशंटची रांग उभी असते. रात्री एखादा बॉण्डवरचा, म्हणजे शिकून झाल्यावर सक्तीची सरकारी सेवा करणारा, डॉक्टर पोरगा माझ्या खोलीत यायचा आणि हळूच विचारायचा, "काका, तुम्हाला काय वाटतं हो?"

मला वाटून उपयोग नव्हता. फोटो वाचायचा अधिकार कायद्यानं मला नाही, आणि तो नाही ते बरोबरच आहे. पण मग गंमत बघा. ज्याच्या हातात फिल्म, त्याला वाचायचा अधिकार नाही. ज्याला अधिकार, त्याच्या हातात फिल्म कधी पोचत नाही. या दोघांच्या मधल्या ऐंशी किलोमीटरांत माणसं आजारी पडत राहतात.

आधी आमच्या बाजूच्या चुका कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. छातीचा फोटो सोपा असतो हा गैरसमज आहे. पेशंटची छाती प्लेटला, ट्यूब पाठीमागे सहा फुटांवर, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपर पुढे, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला होतात. मग 'मोठ्ठा श्वास घ्या, रोखून धरा'. आता ज्याला श्वासच पुरत नाही म्हणून फोटो काढायचाय, त्याला श्वास रोखून धरायला सांगायचं. निम्मे लोक श्वास घेतात आणि बटण दाबायच्या क्षणी सोडतात. अर्ध्या श्वासात काढलेल्या फोटोत हृदय फुगलेलं दिसतं आणि फुप्फुसांचे तळ धुरकट. मागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या तर श्वास पुरेसा. माझ्या कित्येक फोटोंत सातच भरतील. बायकांच्या वेणीची सावली फुप्फुसाच्या शेंड्यावर पडते आणि नवख्या डोळ्याला ती थेट टीबीचा डाग वाटते, म्हणून वेणी वर बांधायला लावायची. मंगळसूत्र काढायला त्या तयार नसत. मग ते वर ओढून दातांत धरायला सांगायचो. गर्दीच्या दिवशी मी यातलं निम्मं विसरलोय.

आणखी एक. पेशंट उभा राहू शकत नसेल तर खाटेवर पाठीला प्लेट लावून समोरून फोटो घ्यावा लागतो. त्यात हृदय प्लेटपासून लांब आणि ट्यूब जवळ, त्यामुळे सावली मोठी पडते. असा फोटो समोरून काढलाय याची खूण आम्ही कोपऱ्यात करायला हवी. खूण नसेल तर वाचणारा चांगल्या हृदयालाही 'वाढलेलं' म्हणेल. ही खूण मी किती वेळा केली नाही ते आता मोजता येणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी एकदा जरी फोन करून 'काय हो, मार्कर कुठाय?' असं खडसावलं असतं, तर माझी सवय आठवड्यात सुधारली असती. ३४ वर्षांत असा फोन एकदाही आला नाही. फोटो वाचला जात नसेल तर तो काढणाराही हळूहळू ढिला पडतो.

आता ज्या फोटोमुळे हे पत्र लिहितोय त्याकडे येतो.

२०१७चा उन्हाळा. ऊसतोडीहून परतलेली एक बाई, वय वीस-एकवीस. खोकला, धाप, अधूनमधून थुंकीत रक्ताची रेघ. थुंकीची तपासणी निगेटिव्ह. मी फोटो काढला. त्या वेळी आमच्याकडे डिजिटल आलेलं नव्हतं. डेव्हलपर, फिक्सर, लाल दिवा, सगळा जुना संसार. फिल्म धुऊन हँगरला लावली आणि बघत उभा राहिलो.

हृदय मोठं नव्हतं. हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून कमी भरत होती, म्हणजे पट्टी लावून मोजणारा कुणीही 'नॉर्मल' म्हणाला असता. पण आकार चुकला होता. डाव्या कडेला फुप्फुसाच्या धमनीच्या फुगवट्याखाली जो खळगा असायला हवा, तो भरून आला होता आणि ती कड फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ उतरली होती. उजव्या बाजूला हृदयाच्या सावलीच्या आत आणखी एक सावली होती. वरच्या भागातल्या शिरा खालच्यांपेक्षा ठळक. तळाशी, बरगड्यांलगत, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा लहान आडव्या रेघा. या रेघांचं नाव मला माहीत होतं. प्रशिक्षणाच्या काळात सिव्हिलमध्ये एक म्हातारे रेडिऑलॉजिस्ट होते, ते जेवणाच्या सुट्टीत आम्हा पोरांना व्ह्यू-बॉक्ससमोर उभं करून आगपेटीच्या काडीनं एकेक गोष्ट दाखवायचे. "या केर्ली बी. फुप्फुसात पाणी साठायला लागलं की भिंतीवर ओल येते ना, तशी ही ओल." डावी कड सरळ, आत दुसरी सावली आणि ही ओल, तिन्ही एकत्र दिसल्या की डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप आकसलीय असं समजायचं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. मिट्रल स्टेनोसिस. लहानपणी घसा दुखून, सांधे धरून येणाऱ्या तापाची ही पुढची शिल्लक.

ओपीडीत ती फिल्म खिडकीकडे धरली गेली. वरच्या भागातलं ते ठळकपण आणि थुंकीतलं रक्त, दोन्हींचा हिशोब जुळला. टीबीची औषधं सुरू झाली. सहा महिने.

मी बोललो नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण 'तुम्ही फोटो काढा, निदान आम्ही करतो' हे त्याआधी दोनदा ऐकलेलं होतं, दोन वेगळ्या डॉक्टरांकडून. आणि माणूस म्हणून मी काही फार धीट नाही.

२०१९च्या डिसेंबरात ती पुन्हा आली. गरोदरपणाचा सहावा महिना चालू. आडवं झोपता येत नव्हतं, रात्रभर भिंतीला टेकून बसायची. मधल्या काळात तिला कुणी दम्याचा पंप दिला होता. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. एवढा लोंढा आकसलेल्या झडपेतून जाणार कसा? तो मागे फुप्फुसात तुंबतो. बाहेरून बघणाऱ्याला ती धाप दम्याची वाटते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका फिजिशियननी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. निरोगी माणसाची ही झडप उघडली की चार ते सहा चौरस सेंटीमीटरची वाट होते. तिची होती ०.८. तिथून मुंबई, सरकारी रुग्णालय, जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली, पोटावर शिशाचं आवरण घालून. महात्मा फुले योजनेत झालं, पैसा लागला नाही. बाळ सुखरूप.

म्हणजे गोष्ट वाईट संपली नाही. पण २०१७च्या फिल्मवर जे दिसत होतं ते वाचलं जायला अडीच वर्षं लागली, आणि मधे सहा महिने टीबीची औषधं तिच्या लिव्हरनं विनाकारण सोसली. वाचायला किती वेळ लागला असता? तुमच्यापैकी कुणालाही वीस सेकंद. झोपेत असलात तर तीस.

टू-डी इकोबद्दल बोलायलाच हवं, कारण फोटो फक्त संशय निर्माण करतो. झडप प्रत्यक्ष हलताना बघायची तर इको. हे तंत्र आलं कुठून, ते मला एका जुन्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ते मी कधी विसरलो नाही. स्वीडनमध्ये जहाजबांधणीच्या गोदीत लोखंडाच्या पत्र्यांतल्या भेगा शोधायला आवाजाच्या लहरींचं यंत्र वापरत. लुंड शहरातले इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ, यांनी १९५३ साली तसलं यंत्र उसनं आणून ते माणसाच्या छातीवर ठेवून बघितलं. आणि एडलर कशाच्या मागे होते? याच मिट्रल झडपेच्या. त्यांना ऑपरेशनच्या आधी ही झडप किती आकसलीय ते कळून हवं होतं. सत्तर वर्षं उलटली त्याला.

आपल्याकडे शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ साली तो देशभरासाठी सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच. त्यात संशय आलेल्या मुलांचे टू-डी इको होतात, ऑपरेशनंही होतात. मी स्वतः त्या शिबिरांत राबलोय आणि ते काम चांगलं आहे. पण ते अठरा वर्षांपर्यंत. आठवीत शाळा सोडून कोयता हातात घेतलेली मुलगी त्या जाळ्यातून केव्हाच निसटलेली असते. शिवाय स्टेथोस्कोपवर विसंबून चालत नाही. कंबोडिया आणि मोझांबिकच्या शाळांमधली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. स्टेथोस्कोपनं जेवढी बिघडलेली हृदयं सापडली त्याच्या जवळपास दहापट इकोनं सापडली. संधिवाताच्या तापानं झडप धरलेली वेळेत कळली, तर तीन-चार आठवड्यांनी एक पेनिसिलिनचं इंजेक्शन देत राहून ती आणखी बिघडू न देणं शक्य असतं. ते इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू शकतं.

इथं गर्भलिंग निदानाच्या कायद्याचा मुद्दा कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. सोनोग्राफीच्या जातीचं कुठलंही यंत्र त्या कायद्याखाली नोंदवावं लागतं, हृदयाचा इकोही त्यात आला, आणि छोटं यंत्र पिशवीत घालून हवं तिथं नेता येत नाही. कायदा योग्य आहे. १९८८ साली असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य होतं, आणि मुलींचं काय होत होतं ते मी ज्या भागात नोकरी केली तिथं डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे तो सैल करा असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण नोंदलेल्या जागी, नोंदलेल्या यंत्रावर, महिन्यातून दोन दिवस 'इकोचा वार' ठेवायला कायदा आड येत नाही. आड येतं ते एवढंच, की तसा आग्रह कुणी धरत नाही.

दुसरी गोष्ट विहिरी खोदणाऱ्यांची. आमच्या तालुक्यात एका वस्तीतले बरेच पुरुष कॉम्प्रेसरवर ब्रेकर लावून विहिरीच्या तळाशी काळा दगड फोडायचे, काही खडी क्रशरवर जायचे. त्यांतला एक माझ्याकडे आठ वर्षांत सहा वेळा फोटोला आला. तीनदा टीबीचा कोर्स पुरा झालेला. थुंकी दर वेळी निगेटिव्ह. फोटोत दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक बारीक गोल ठिपके, मोहरी सांडल्यासारखे, आणि कोर्समागून कोर्स गेले तरी ठिपके जागचे हलले नव्हते. शेवटच्या दोन फोटोंत फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठींना अंड्याच्या टरफलासारखी पांढरी कड आलेली. तुम्हाला मी पुढं सांगायची गरज नाही. सिलिकोसिस, दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. (सिलिकोसिस असलेल्याला टीबीही लवकर होतो, त्यामुळे 'टीबी नाहीच' असंही ठामपणे म्हणता येत नाही, ते मला कळतं.)

पण त्याचे सहाही फोटो शेजारी शेजारी लावून कुणी बघितलेच नाहीत. आमच्या चिठ्ठीवर काय लिहिलेलं असायचं? 'छाती, पीए. खोकला.' धंदा काय, हे लिहायला जागाच नव्हती. आणि हा आजार तर धंदा विचारल्याशिवाय समजतच नाही. सिलिकोसिस हे तेव्हा १९४८च्या कारखाना कायद्याखाली कळवायचं बंधनकारक असलेलं दुखणं होतं, १९२३च्या भरपाईच्या कायद्यातही ते होतं. विहिरीच्या तळाला अर्थात कुठला कारखाना आणि कुठला मालक. राजस्थाननं २०१९ साली धुळीच्या आजारांसाठी धोरण आणलं. तिथं फोटो तपासून प्रमाणपत्र मिळालं की मजुराला सरकारकडून पैसे मिळतात. म्हणजे तिथं फोटो वाचून होण्याला पोटाचा अर्थ आहे. आमच्या माणसाच्या पिशवीत सहा फोटो आणि तीन टीबीची कार्डं होती, त्यांचं कुणी काही दिलं नाही. २०२०च्या पावसाळ्यात तो गेला.

तुम्ही म्हणाल, एवढे फोटो वाचायला माणसं कुठून आणायची? याचं उत्तर तुम्हीच एकदा देऊन बसलाय. कोविड आठवा. गावागावात लोक एकमेकांना 'स्कोअर किती आला?' असं विचारत होते, जसं दहावीच्या निकालाला टक्के विचारतात. पंचवीसपैकी आठ, पंचवीसपैकी सतरा. ज्यांना सीटी आणि एक्सरे यांतला फरक माहीत नव्हता त्यांच्या तोंडी एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, हा शब्द बसला. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारनं त्याचे दर बांधून दिले, यंत्राच्या क्षमतेप्रमाणे २०००, २५०० आणि ३००० रुपये. आणि त्या काळात रात्री दोनला काढलेल्या सीटीचा रिपोर्ट अडीचला नातेवाइकाच्या मोबाईलवर यायचा. कुणी वाचला तो? तुम्हीच, घरी बसून, चित्रं मागवून. म्हणजे चित्र दूर पाठवता येतं, दुरून वाचता येतं, अर्ध्या तासात वाचता येतं आणि सरकारला दरही ठरवता येतो. हे सगळं सिद्ध होऊन गेलंय. फक्त पेशंटनं पैसे मोजले होते आणि भीती तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरापर्यंत आलेली होती.

हृदयविकाराच्या झटक्यासाठी तालुक्यातून ईसीजी पाठवून तो दूरवर वाचून घ्यायची सोय राज्यात झालेलीच आहे. कागदाची पट्टी जाते तर फिल्म का जाऊ नये?

आता यंत्रंही वाचायला लागली आहेत. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षांवरच्यांच्या टीबीच्या चाळणीसाठी माणसाऐवजी सॉफ्टवेअरनं फोटो वाचायला मान्यता दिली. मुंबईतल्या एका कंपनीचं असं सॉफ्टवेअर बाहेर कितीतरी देशांत चालतं. डिसेंबर २०२४मध्ये टीबीची १०० दिवसांची मोहीम निघाली तेव्हा मी हौसेनं एका शिबिरात जाऊन बसलो. हातात धरायचं एक्सरे मशीन! कॅमेऱ्यासारखं, चार किलोच्या आत. मी ज्या मशीनवर शिकलो ते हलवायला चार माणसं लागायची. तरुण मुलगा टकाटक फोटो काढत होता, काही सेकंदांत पडद्यावर उत्तर. या मोहिमांची मी टिंगल करणार नाही. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय टीबी पाहणीत असं दिसलं, की छातीचा फोटो काढला नसता, नुसती लक्षणं विचारली असती, तर ४२.६ टक्के टीबीचे रुग्ण हातून सुटले असते. फोटोची किंमत एवढी आहे.

पण त्या दिवशी एक म्हातारेबाबा आले. पडद्यावर उत्तर, 'टीबी नाही'. बाबा सदऱ्याची बटणं लावायला लागले. मी पडद्याकडे बघत होतो. हृदय छातीच्या निम्म्याच्या कितीतरी पलीकडे गेलेलं, दोन्ही तळांचे टोकदार कोपरे पाण्यानं बुजलेले. खाली बघितलं तर चपलेच्या पट्ट्याचा वळ घोट्याजवळ रुतलेला. यंत्राची चूक नव्हती. त्याला टीबीबद्दल विचारलं होतं, त्यानं टीबीबद्दल सांगितलं. त्यातल्या काही सॉफ्टवेअरना हृदयाचा आकारही सांगता येतो म्हणे. शिबिराच्या रजिस्टरला मात्र रकाना एकच होता. या वेळी मी निवृत्त होतो, त्यामुळे धीट होतो. बाबांना उठू दिलं नाही.

तेव्हा तुमच्याकडे मागायचं काय?

छातीच्या प्रत्येक सरकारी फोटोला दोन ओळींचा लेखी रिपोर्ट, खाली वाचणाऱ्याचं नाव, जास्तीत जास्त दोन दिवसांत. टीबीसाठी काढला असेल तरी हृदयाबद्दल एक वाक्य. जुना फोटो असेल तर त्याच्याशी ताडून. फुकट वाचा असं मी म्हणत नाही. फुकटचं काम चार दिवस टिकतं. दर मागा, करार मागा, जिल्ह्यातल्या आठ-दहा जणांनी वार वाटून घ्या. आमच्या रुग्णालयाचे रोजचे वीस फोटो म्हणजे तुमच्यातल्या एकाचा अर्धा-पाऊण तास. हे मी मागितलं तर फाईल टेबलावरून हलत नाही. तुमच्या संघटनेनं मागितलं तर बैठक लागते.

आणि रिपोर्ट कसा लिहायचा याबद्दल थोडं बोलू का? लहान तोंडी मोठा घास होईल. खाजगीतून येणारे तुमचे रिपोर्ट आमच्या ओपीडीत यायचे तेव्हा निम्म्यांत लिहिलेलं असायचं 'ब्राँकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज वाढलेली' (श्वासनळ्या-रक्तवाहिन्यांच्या रेघा ठळक), आणि शेवटी 'क्लिनिकली कोरिलेट करा'. पहिलं वाक्य कुठल्याही छातीला चालतं. दुसऱ्याचा आमच्या भाषेत अर्थ, 'बघा बुवा तुम्हीच'. बॉण्डवरच्या पोराला ते वाचून काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा 'डावी कड सरळ आहे, झडपेची शंका, इको करा' एवढं लिहा. शंका चुकली तर चुकली. इकोला किरणं लागत नाहीत. 'दगडाचं काम करतो का विचारा' असं लिहिलंत तर आमची चिठ्ठी आपोआप सुधारेल. आणि काही भयंकर दिसलं, फुप्फुस मिटलेलं, महाधमनी फुगलेली, तर कागदाची वाट न बघता फोन करा. नंबर चिठ्ठीवर असतो. नसेल तर तोही आमचा दोष, खडसावा.

आता फिल्मचा तुटवडा असला की बऱ्याच ठिकाणी पेशंटला मॉनिटरचा मोबाईलवर फोटो काढून नेऊ देतात. फोटोचा फोटो. त्यात ट्यूबलाइटची चकाकी येते, एखाद्या वेळी काढणाऱ्याचा चेहराही. मूळ चित्र यंत्राच्या पोटात राहतं आणि डिस्क भरली की पुसलं जातं. ते मूळ चित्रच तुमच्यापर्यंत यायला हवं. त्याला लागणारी इंटरनेटची तार बहुतेक ठिकाणी आधीच ओढलेली आहे. आमच्याकडे तिच्यावर हजेरी लागते.

एवढं लिहून थांबतो. ती बाई गेल्या दिवाळीत भेटली. मुलगा आता अंगणवाडीतून शाळेत गेलाय, ती स्वतः पेनिसिलिनची इंजेक्शनं चुकवत नाही. माझा तेव्हाचा गप्प बसण्याचा प्रकार मी तिला सांगितला. तिनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. मग पिशवीतून २०१७ची ती फिल्म काढून माझ्यासमोर ठेवली. "तुमीच ठेवा आता. घरात पोरगं तिची खिडकी करतंय."

ती माझ्याकडे आहे. १४ बाय १७ची, कडेला थोडी पिवळी पडलेली, पण रेघा अजून स्पष्ट. तुमच्यापैकी कुणाला विद्यार्थ्यांपुढे लावायला हवी असेल तर स्वतः आणून देईन. कोपऱ्यातलं नाव आणि नंबर तेवढा झाकीन.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ